दारू सोडणाऱ्याला एकटे सोडू नका

घरात दारू पिणारा माणूस असेल, तर हे तुमच्यासाठी लिहिले आहे. तो माणूस तुम्ही स्वतः असाल, तर आधी तुमच्यासाठी. गाव झाडीपट्टीतले असो, एटापल्लीकडचे असो की बल्लारपूरची कामगार वस्ती असो, सांगणे एकच आहे. दारू सोडायचे ठरले की सोबत शोधा. ज्यांनी आधी सोडली आहे त्यांच्यात जाऊन बसा. आणि पुन्हा पुन्हा जा.

दारूविरुद्ध गडचिरोली आणि चंद्रपूर या आपल्या दोन जिल्ह्यांइतके फार थोडे जिल्हे झगडले असतील. गडचिरोलीत गावागावांतून मागणी उठली आणि १९९३ साली दारूबंदी झाली. चंद्रपूरच्या बाया २०१० साली चिमूरहून नागपूरपर्यंत पायी चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपुरातही बंदी आली. २०२१ साली ती उठली आणि दुकाने पुन्हा उघडली. ज्या घरांनी ही सगळी वर्षे पाहिली, त्यांना बंदीचा उपयोगही ठाऊक आहे आणि तिची मर्यादाही.

मला बंदी हवी वाटते. दारू हाताशी नसली की नवी पोरे नादाला कमी लागतात आणि घरात पैसा राहतो. पण ज्याला रोज लागते, तो बंदीतही वाट काढतो. मोहाची भट्टी शोधतो, वैनगंगा ओलांडून पलीकडे जातो. दुकान सरकार बंद करते. त्याच्या अंगातली ओढ मात्र कागदाने जात नाही. त्यासाठी माणसे लागतात.

रोवणीला एकटा माणूस बांधीत उतरत नाही. चारजण ओळीने उतरतात, म्हणून कंबर दुखली तरी हात चालू राहतो. दारू सोडण्याचे काम तसेच आहे.

पण गटाकडे जाण्याआधी एक गोष्ट नीट ऐका. जीव वाचवणारी गोष्ट आहे.

जो माणूस रोज, सकाळपासून पितो, त्याची दारू घरच्या घरी एका दिवसात तोडू नका. कोंडून ठेवू नका. देवाची शपथ घालून त्याच रात्री बाटली फोडू नका. बऱ्याच वर्षांची सवय असलेल्या शरीराला दारू एकदम मिळाली नाही, की काही तासांत हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते, उलट्या होतात. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहीजण बरळायला लागतात. नसलेली माणसे दिसतात, किडे अंगावर चढल्यासारखे वाटतात. गावात त्याला बाहेरची बाधा समजतात आणि माणसाला दवाखान्याऐवजी मांत्रिकाकडे नेतात. तिथे वेळ जातो, आणि यात माणूस मरू शकतो.

झटका आला, बरळणे सुरू झाले, ताप चढला किंवा माणूस ओळख विसरला, तर १०८ ला फोन करा. एवढे काही झाले नसले, तरी रोज पिणाऱ्याला दारू तोडण्याआधीच ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात दाखवा. डॉक्टर काही दिवसांची औषधे देतात, जीवनसत्त्वाची इंजेक्शने देतात, आणि तोडणे सुखरूप होते.

आपल्याकडे आणखी एक प्रसंग येतो. माणूस पाय मोडला म्हणून, मलेरिया झाला म्हणून दवाखान्यात भरती होतो. दारूची गोष्ट घरचे लाजेने लपवतात. दुसऱ्या रात्री तो पलंगावरून उठून पळायला लागतो, आणि डॉक्टरांना कारण कळत नाही. लाज बाजूला ठेवा. भरती करतानाच सांगा: हा रोज पितो, किती पितो, शेवटची कधी घेतली. गडचिरोलीत बंदी आहे म्हणून हे सांगायला भिऊ नका. दवाखान्यात तुम्ही डॉक्टरशी बोलत असता, ठाण्यात जबाब देत नसता.

आता गट कुठे शोधायचा ते पाहू.

गडचिरोली जिल्ह्यात राहत असाल, तर आधी तालुक्याच्या ठिकाणी मुक्तिपथचे कार्यालय विचारा. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' संस्था, राज्य शासन आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून २०१६ पासून हे अभियान दारू आणि तंबाखूवर चालवले आहे. तालुक्याला ठरावीक वारी व्यसन उपचार क्लिनिक आणि गावात शिबिर, अशी त्याची पद्धत आहे. तुमच्या तालुक्याचा वार कोणता, हे जाण्याआधी विचारून घ्या. नाहीतर एका दिवसाची मजुरी बुडते, आणि पिणारा माणूस दुसऱ्यांदा यायला तयार होत नाही. 'सर्च'चे शोधग्राम धानोरा रस्त्यावर चातगावजवळ आहे. तिथेही चौकशी करता येते.

चंद्रपूर जिल्ह्यात असाल, तर जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातल्या मनोविकार विभागापासून सुरुवात करा. मनोविकार शब्दाला घाबरू नका. दारूचे उपचार तिथेच होतात, त्याने कोणी वेडा ठरत नाही. डॉक्टरांना सरळ विचारा: 'दारू सोडलेल्या लोकांची बैठक जवळ कुठे भरते?' औषधाची चिठ्ठी घेऊन हा प्रश्न न विचारता परत येऊ नका.

फोन हाताशी असेल तर १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा क्रमांक आहे. पैसे लागत नाहीत. १४४१६ हा टेलिमानसचा. मन फार खचले असेल, जीव द्यावासा वाटत असेल, तर हा लावा. फोनवर काय बोलायचे असा प्रश्न पडतो. एवढे बोला: आमचे गाव अमुक, तालुका अमुक, माणूस इतक्या वर्षांपासून पितो, आम्हाला उपचार आणि बैठक दोन्हींचा पत्ता हवा आहे. हातात पेन ठेवा. मिळालेला पत्ता लिहून घ्या.

फोन करायचेही धैर्य होत नसेल, तर गावच्या आशाताईला एकटे गाठा. तिला हे नवीन नसते. कोणत्या घरचा माणूस शिबिरात गेला होता, कोण सुधारला, हे बहुतेक वेळा तिला माहीत असते. तो सुधारलेला माणूस हाच तुमचा पहिला गट समजा.

बैठकीबद्दल लोकांच्या मनात फार भीती असते. तिथे ओरडतील, नाव लिहून घेतील, पैसे मागतील, धर्म बदलायला लावतील. म्हणून आत काय होते ते नीट सांगतो.

दारू सोडणाऱ्यांच्या गटांत जुना आणि सगळ्यांत पसरलेला गट म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, लोक नुसते एए म्हणतात. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात दोन पिणारे एकमेकांना भेटले. एक शेअर बाजारातला, एक डॉक्टर. एकट्याने दोघांनाही जमत नव्हते. एकमेकांशी बोलत राहिल्याने जमले. तेवढ्यावरून हे काम सुरू झाले. भारतात ते १९५७ साली आले. आज नागपुरात गट आहेत, आणि महाराष्ट्रात मराठीतून बैठका होतात.

बैठक एक-दीड तासाची असते. शाळेची खोली, चर्चचा हॉल, समाजमंदिर, जिथे जागा मिळेल तिथे भरते. लोक गोल बसतात. एकजण सुरुवात करतो. मग ज्याला बोलायचे तो आपले पहिले नाव सांगतो, मला दारूचा आजार आहे असे म्हणतो, आणि आपली हकिगत सांगतो. मध्ये कोणी बोलत नाही. कोणी उपदेश करत नाही. कोणी चूक काढत नाही. एकाचे झाले की दुसरा. शेवटी चहा असतो.

पहिल्या दिवशी तुम्ही एक शब्दही बोलला नाही तरी चालते. नुसते ऐका. आडनाव कोणी विचारत नाही, जात विचारत नाही, गाव सांगावेच लागते असे नाही. हजेरीपट नसतो. पोलिसांना द्यायला यादीच नसते. फी नाही. कधी थाळी फिरते, कोणी पाच-दहा रुपये टाकतो, कोणी टाकत नाही. यायला अट एकच: दारू सोडायची इच्छा असावी. सुटलेली असावी अशी अट नाही.

देवाचे नाव तिथे निघते, पण तो कोणता हे ज्याचे त्याने ठरवायचे. पेरसापेन मानणारा बसतो, विहारात जाणारा बसतो, नमाज पढणारा बसतो, काहीच न मानणाराही बसतो. चंद्रपुरात १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा दिली. ती दीक्षा घेतलेल्या घरांत पंचशील म्हटले जाते आणि पाचवे शील दारूबद्दलच आहे. गावोगावच्या गुरुदेव सेवा मंडळात तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना होते, त्यांनीही आयुष्यभर व्यसनाविरुद्ध सांगितले. या सगळ्याचा आधार घ्या. पण विहारात आणि प्रार्थनेत माणूस 'काल रात्री मला प्यावेसे वाटले' हे चारचौघांत म्हणत नाही. बैठकीत म्हणतो. म्हणून दोन्ही ठेवा.

याने खरेच फरक पडतो का, असे विचाराल. २०२० साली २७ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यांत दहा हजारांहून जास्त लोक होते. एएच्या वाटेने नेलेल्या उपचारांत वर्षभरानंतर शंभरातले सुमारे ४२ जण पूर्ण कोरडे होते, इतर उपचारांत सुमारे ३५. ही जादू नाही. पण शंभर घरांत सात घरे जास्त सावरली, तर त्या सात घरांतल्या लेकरांना विचारा फरक किती मोठा असतो.

पहिल्या बैठकीला आवडले नाही म्हणून सोडू नका. तीन-चारदा जा, जमल्यास दुसरा गटही पाहा. तिथे बरीच वर्षे न प्यालेला, तुमच्यासारखेच काम करणारा एखादा माणूस हेरा. एएमध्ये अशा सोबत्याला स्पॉन्सर म्हणतात. त्याचा फोन नंबर घ्या. प्यायची ओढ लागली की आधी त्याला फोन. ओढ बहुधा काही मिनिटांत उतरते. तेवढी मिनिटे कोणाशी तरी बोलण्यात गेली पाहिजेत.

पिणारी बाई असेल, तर तिची अडचण दुप्पट असते. पुरुषांच्या घोळक्यात बसायला ती लाजते, आणि घर तिला लपवून ठेवते. तिला हिणवू नका. शरीराला होणारा आजार तोच आहे. आशाताईला सोबत घ्या, डॉक्टरबाईंकडून सुरुवात करा, आणि बैठकीला जाताना घरातली दुसरी बाई तिच्या बाजूला बसू द्या.

आता घरच्यांसाठी. विशेष करून त्या माउल्यांसाठी, ज्या रात्री दाराकडे कान लावून जागतात.

तो पितो यात तुमचा दोष नाही. तुम्ही जेवण चांगले केले नाही, मुलगा दिला नाही, भांडलात, म्हणून तो पितो असे तो म्हणेल. खरे मानू नका.

जेवणात, चहात चोरून पावडर घालू नका. 'रुग्णाला न कळता दारू सोडवा' अशा जाहिराती भिंतींवर असतात. त्यांत काय मिसळलेले असते ते कोणी सांगत नाही. दारू सोडवण्याचे एक औषध असे आहे, की त्यावर दारू प्याली तर रक्तदाब कोसळतो, छातीत धडधडते, जीवही जाऊ शकतो. डॉक्टर ते माणसाला समजावून, त्याच्या संमतीने देतात. तुम्ही लपवून घातले आणि तो बाहेर जाऊन प्याला, तर काय होईल याचा विचार करा.

व्यसनमुक्ती केंद्रात ठेवायचे असेल, तर आधी स्वतः जाऊन पाहा. डॉक्टर कधी येतो, घरच्यांना भेटू देतात का, विचारा. साखळीने बांधणे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मना आहे. मारहाण हा उपचार नव्हे. जिथे खोल्या दाखवायला नकार देतात तिथे माणूस ठेवू नका. पुण्याचे मुक्तांगण १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केले. तिथे प्रेमाने उपचार करण्याची रीत पडली. चांगले केंद्र कसे असते याचे माप म्हणून ते ध्यानात ठेवा.

मुक्तांगणमध्ये पिणाऱ्यांच्या बायकांसाठीही वेगळा गट आहे. एएच्या बाजूला घरच्यांसाठी अल-अनॉन नावाच्या बैठका असतात. तो गटात येवो न येवो, तुम्ही तुमच्यासाठी जा. जवळ असा गट नसेल, तर बचत गटातल्या दोघी-तिघींना धरा. जिच्या घरी हेच आहे ती कोण, हे तुम्हाला माहीत असते. महिन्याच्या बैठकीनंतर अर्धा तास थांबून एकमेकींचे ऐका.

तो हात उचलत असेल, तर आधी लेकरांना घेऊन बाहेर पडा. ११२ पोलिसांचा, १८१ महिलांच्या मदतीचा क्रमांक आहे. दारू सुटेपर्यंत मार सोसायचा, असे कोणत्याही गटात सांगत नाहीत.

भामरागड, सिरोंचा, कोरची, जिवतीकडचे लोक म्हणतील, इतक्या दूर दर आठवड्याला कसे जायचे? गडचिरोलीहून सिरोंचाचा रस्ता जवळजवळ दोनशे किलोमीटर. एसटीचे भाडे आणि मजुरी दोन्ही जातात. खरे आहे. मग असे करा. पहिला उपचार दूर जाऊन घ्या, ते टाळू नका. परत येताना एका सोबत्याचा नंबर आणा. ज्या दिवशी टॉवर लागेल त्या दिवशी बोला. आणि गावातच दोघांनी सुरुवात करा.

गावातल्या गटाला फार काही लागत नाही. दारू सोडलेला किंवा सोडू पाहणारा एक माणूस आणि दुसरा एक. वार पक्का ठरवा, बाजाराचा दिवस सोडून. वेळ दिवेलागणीची ठेवा, कारण भट्टीकडे पाय वळतात ते त्याच वेळी. जागा समाजमंदिराची किंवा शाळेच्या व्हरांड्याची. कोणाच्या घरी नको, घरात सासू ऐकते, लेकरे ऐकतात. इथे बोललेले बाहेर सांगायचे नाही, हे पहिल्या दिवशी सगळ्यांनी कबूल करा. ज्याने बाहेर सांगितले त्याला एकदा समजवा. दुसऱ्यांदा सांगितले तर त्याच्यासाठी बैठक बंद. प्यालेला आला तर भांडू नका, बाजूला बसू द्या, बोलणे उद्यावर ठेवा. सरपंचाला, पुढाऱ्याला भाषणाला बोलावू नका. फोटो काढू देऊ नका. पेपरात बातमी आली की दोनजण येणे बंद करतात.

वर्षातले अवघड दिवस आधी ओळखून ठेवा. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले पडतात आणि घरोघरी सडवा लागतो. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा रोख पैसा हातात येतो. पोळ्याच्या दिवशी, लग्नाच्या मांडवात, दिवाळीनंतरच्या मंडईत आणि रात्रीच्या नाटकात जुने मित्र हाक मारतात. खाणीत आणि कारखान्यात पगाराची तारीख अवघड. या दिवसांत बैठक वाढवा, कमी करू नका. तेंदूचा किंवा पगाराचा पैसा आल्याच दिवशी किराणा, शाळा, उधारी भागवा आणि उरलेला घरच्यांच्या खात्यात टाका. सोडणाऱ्याने हे स्वतः सुचवले तर फार उत्तम. मंडईला जायचेच असेल तर गटातल्या सोबत्याबरोबर जा आणि त्याच्याबरोबरच परत या.

देवाला मोहाची दारू वाहायची असते, तिथे काय? गावच्या पुजाऱ्याला, गायत्याला आधी एकांतात भेटा. माझे शरीर आता हे सोसत नाही, मी धार वाहीन पण तोंडाला लावणार नाही, असे सांगा. देवाचा मान राहतो आणि चारचौघांत ओढाताण होत नाही. आपल्या जाणत्या माणसांना हे कळते. विचारायलाच कोणी जात नाही.

तंबाखूच्या खर्ऱ्याबद्दलही एक शब्द. दारू सुटली की खर्रा दुप्पट होतो, असे पुष्कळांचे होते. आज दारू, उद्या खर्रा असा क्रम लावला तरी हरकत नाही, पण त्याची गोष्टही बैठकीत काढा.

आणि कधीतरी तो पुन्हा पिईल. सगळेच पितात असे नाही, पण पुष्कळजण एकदा-दोनदा घसरतात. सहा महिने कोरडा राहिलेला माणूस पोळ्याला पितो आणि घरात रडारड होते. तो तोंड लपवतो, गटात जायला लाजतो, आणि लाजेने आणखी पितो. इथेच त्याला धरायचे असते. पुन्हा रोज पिणे सुरू झाले असेल तर आधी दवाखाना, एकदाच प्याला असेल तर सरळ बैठक. गटात त्याला कोणी हाकलत नाही. तिथे बसलेल्यांपैकी कित्येकांचे असेच झालेले असते.

त्या रात्री त्याला बोलू नका, त्याला काही समजत नाही. सकाळी चहा द्या. मग विचारा, पुढची बैठक कोणत्या वारी आहे, आणि तुझ्यासोबत कोण येणार.